सात नंबरची उजवी बाजू

आमच्या केसलर्स बेंड गावात साठी ओलांडलेल्या निम्म्या लोकांच्या तोंडात एमेट झर्बीचं काम आहे. माझ्याही आहे, वरची अख्खी कवळी. एमेट दातांच्या लॅबमध्ये कारागीर होता. कवळी पहिल्यांदा बसवली तेव्हा मी आरशात बघून कुरकुरलो, "अरे, हे पिवळट का? नवे दात ना हे?" तो म्हणाला, "हर्ब, जन्मभर टपाल वाटत फिरलास आणि घरोघरी कॉफी ढोसलीस. पांढरेशुभ्र दात लावून दिले तर लोक तुझ्याशी बोलणार नाहीत, दातांशी बोलतील." शिवाय पुढच्या एका दातावर त्याने केसाएवढी तडही रंगवली होती. मी आठवडाभर धुसफुसत होतो. मग माझी सख्खी बहीण जेवायला आली आणि म्हणाली, "काय रे, दात काढून घेणार होतास ना? पुन्हा घाबरलास वाटतं!" तेव्हा कुठे मी गप्प झालो.

लॅबमधून निवृत्त झाल्यावर हा माणूस आमच्या आगगाडी क्लबात आला. सेंट सिरिल चर्चच्या तळघरात आम्ही काही म्हातारे दर गुरुवारी जमतो. हेमलॉक रनची लाइन आम्ही तिथे उभी केली आहे. जंक्शनपासून कोळशाच्या खाणीपर्यंत सगळी, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची. खरी लाइन खाणीबरोबरच बंद पडली. रूळ उखडले, इंजिनं भंगारात गेली, आता तिथून लोक सायकली चालवतात. जे काही उरलं ते आमच्या तळघरात, आणि म्हणूनच आम्ही त्या बाबतीत भलतेच खडूस आहोत. कुठलंही इंजिन किंवा मालडबा लाइनवर सोडायचा तर आधी तो टेबलावर ठेवायचा, शेजारी खऱ्याचा फोटो ठेवायचा आणि बाकीच्यांनी त्यात खोट काढायची. याला आम्ही कोर्ट म्हणतो. माझे डबे कोर्टात दरवेळी मार खातात. आमचा अध्यक्ष लॉइड पेनरॉड म्हणतो, "हर्बचे डबे जुने दिसत नाहीत, चिखलात पडलेले दिसतात."

एमेटने आणलेला पहिला डबा कोळशाचा होता. दुकानातला साधाच, तसलाच माझ्याकडेही होता. पण याने त्या डब्याच्या अंगाला चिकटलेल्या जाडजूड पकडदांड्या धारदार पात्याने तासून काढल्या होत्या, केसाएवढ्या गिरमिटाने भोकं पाडली होती आणि त्यांत तारेच्या दांड्या ओवल्या होत्या. कुणी कधी वाकून बघणार नाही अशा जागी, डब्याच्या पोटाखाली, ब्रेकच्या नळ्या आणि कांबी होत्या. आतल्या बाजूला कोळसा घासून लोखंड चकचकीत झालेलं, बाहेर गंज. तो गंजही सगळीकडे एकसारखा नाही. हिवाळ्यात कोळसा गोठून अडकला की खाणीवरचे लोक डब्याच्या बुडाशी घण घालायचे. त्या घणांचे पोचे तिथे होते, आणि प्रत्येक पोच्याचा गंज वेगळ्या वर्षीचा होता.

कोर्टाला खोट सापडेना. लॉइडने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी तो डबा उचलायला गेलो आणि काय झालं सांगू? मी दोन्ही हात पुढे केले. एवढंसं प्लास्टिक, दोन बोटांत मावणारं. पण ते जड असणार याबद्दल माझ्या हातांना शंकाच नव्हती. देवाने पहिल्या दिवशी जग केलं तेव्हा ते असंच कोरं चकचकीत असेल, आणि मग कुणीतरी एमेटसारखा माणूस बसून ते वापरलेलं करत गेला असेल, असं काहीतरी भलतंच माझ्या मनात आलं.

या एमेटचा एक नियम होता. जे माहीत नाही ते करायचं नाही. फोटोत दिसलं नाही, कुणी पाहिलं नाही, तर ती जागा नुसता राखाडी अस्तराचा रंग देऊन कोरी सोडायची. लॉइड वैतागायचा. "अरे, अंदाजाने मार ना दोन रेघा, कोण बघतंय?" एमेट म्हणायचा, "अंदाजाने केलेला दात मला कळतो. रात्रभर टोचतो."

या नियमापायी आमचं सगळ्यात लाडकं इंजिन अर्धंच राहिलं होतं. सात नंबर. हेमलॉक रनला इंजिन वळवायची सोयच नव्हती. जाताना तोंड खाणीकडे, येताना तसंच उलट्या चालीने मागे. त्यामुळे सात नंबरची डावी बाजू आयुष्यभर रस्त्याकडे, उन्हाकडे राहिली आणि उजवी टेकडीकडे. फोटो काढणारे सगळे हौशी ऊन पाठीवर घेऊन रस्त्यात उभे राहायचे. डाव्या बाजूचे फोटो ढिगाने आहेत. उजव्या बाजूचा एकही नाही. आम्ही गावोगाव विचारलं, मासिकात जाहिरात दिली, काही हाती लागलं नाही. एमेटने डावी बाजू अशी केली की बघणाऱ्याने टोपी काढावी, आणि उजवी राखाडी सोडली. आमच्याकडेही ती बाजू मागच्या फळ्यांवरच्या टेकडीच्या चित्राकडेच असते. लोकांना कळायचंही नाही.

पण हॅटी ग्रोमेकला कळलं.

डिसेंबरात आम्ही तळघर सगळ्यांसाठी खुलं ठेवतो. वर चर्चच्या बायका बटाटा भरलेल्या करंज्या, पिरोगी, तळतात आणि त्या वासाने लोक येतात, नाव आमच्या गाड्यांचं होतं. त्या वर्षी हॅटीबाई आल्या. स्टॅश ग्रोमेकची बायको. स्टॅश सात नंबरचा ड्रायव्हर होता. लाइन बंद पडल्यावर काही वर्षांनी छातीच्या दुखण्याने गेला. बाई चणीने इतक्या लहान की आमच्या टेबलाची कड त्यांच्या हनुवटीला लागत होती. जंक्शनच्या टोकाला टेबल संपतं, तिथून गाडी दोन्ही अंगांनी दिसते. त्या नेमक्या तिथे जाऊन उभ्या राहिल्या. सात नंबर आलं, थांबलं, आणि बाई मोठ्याने म्हणाल्या, "इकडचा रंग संपला का रे तुमचा?"

लॉइड धावला. "मिसेस ग्रोमेक, त्या बाजूचा फोटो नाही हो कुठे. तिकडे काय होतं ते कुणालाच माहीत नाही."

"कुणालाच नाही?" बाईंचा आवाज चढला. "या खिडकीत माझा नवरा बसायचा! लग्न झाल्यापासून लाइन बंद पडेपर्यंत याच बाजूने मी त्याला गरम डबा दिलाय, काठीला अडकवून. आमचं घर टेकडीला होतं, रस्त्याला नव्हतं. आणि तुम्ही म्हणता, इथे काही नव्हतंच!"

पिरोगी खाणारे लोक खायचे थांबले. एमेट मागून आला, त्याने टोपी काढली आणि एखाद्या लहान मुलाने विचारावं तसं विचारलं, "काय होतं इथे? सांगाल मला?"

बाईंचा राग उतरताना मी पाहिला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागाहून वाईट होतं. त्या खुर्चीत बसल्या. "मला काय माहीत," त्या म्हणाल्या. "मी इंजिन बघत होते का? मी त्याला बघत होते."

थोड्या वेळाने त्यांनीच सांगितलं की घर विकलंय आणि ईस्टर झालं की त्या मुलीकडे ॲरिझोनाला जाणार आहेत, कायमच्या. आठवलं तर कळवेन म्हणाल्या. परतताना गाडीत एमेट एकच वाक्य बोलला. "ही बाई गेली की ती बाजू गेली, हर्ब. मग ती जगात कुठेच नाही."

मी म्हटलं, "अरे पण तिला आठवतच नाही."

"दातही कुणाला आठवत नाहीत," तो म्हणाला. "तुला विचारलं असतं, तुझे दात कसे होते, तर सांगितलं असतंस? पण दुसऱ्याची कवळी तोंडात घाल, लगेच ओरडशील, ही माझी नाही."

आणि त्याने तेच सुरू केलं. कवळी पक्की करायच्या आधी हे लोक मेणात दात बसवून माणसाच्या तोंडात घालून बघतात. माणूस तक्रार करतो, हे लोक हलवतात, पुन्हा घालतात. एमेटने सात नंबरची उजवी बाजू ओल्या बोळ्याने पुसून टाकता येईल अशा रंगाने रंगवली, मुद्दाम चुकीची, आणि रविवारी हॅटीबाईंच्या स्वयंपाकघरात नेऊन टेबलावर ठेवली. गाडी चालवायला मी. खरं म्हणजे बाईंच्या हातची हलुश्की, लोण्यात परतलेल्या कोबी-शेवया, खायला मी.

पहिल्या रविवारी ती बाजू कोरी करकरीत लाल होती. बाईंनी नाक मुरडलं. "शी! हे काय, लग्नाला निघालंय का?"

एमेटचे डोळे चमकले. "मळकं होतं? कुठे मळकं?"

"मला काय विचारतोस? इतकं स्वच्छ नव्हतं, एवढं नक्की."

पुढच्या वेळी त्याने सगळीकडे सारखी काजळी फासली. "अरे, पुढे कुठे एवढी? चढावर धूर ओकायचं ते, सगळा केबिनवर यायचा. घरी आला की त्याची एकच बाही काळी. मी घासून घासून मरायची." एमेटने पुढचं पुसलं, मागचं गडद केलं. त्याच्या पुढच्या रविवारी त्याने खिडकीखाली गंज लावला आणि बाई खदाखदा हसल्या. "गंज? तिथे? तिथे त्याचं कोपर असायचं रे! गुळगुळीत केलं होतं त्याने, ताटासारखं." एमेटने तिथल्या तिथे पेन्सिलीचं शिसं बोटावर घेतलं आणि खिडकीच्या कडेला चोळायला लागला. लाल रंगातून लोखंड वर आलं. बाई टेबलावर वाकल्या. "जरा मागे. लांब हात होते त्याचे." त्याने जरा मागे चोळलं. बाईंनी आपला हात आपल्याच कोपरावर ठेवला.

मी हलुश्की विसरलो. खरंच सांगतो, ताट गार झालं. समोर एक माणूस होता ज्याला काहीच माहीत नव्हतं, आणि एक बाई जिला काहीच आठवत नव्हतं, आणि त्या दोघांच्या मधोमध एक लोखंडी भिंत रविवारागणिक उभी राहत होती. आकड्यातल्या सातचा पाय उडालेला होता, हे आलं. केबिनच्या दाराची मूठ पितळेची आणि वाकडी होती, हे आलं. आत छोटा ड्रायव्हर बसवू का, असं एमेटने एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, "नको. तो तुला नाही जमायचा." एमेटने मान डोलावली आणि खिडकी रिकामी ठेवली.

पण दर रविवारी निघताना बाई इंजिनाकडे बघून म्हणायच्या, "काहीतरी राहिलंय." काय ते सांगता यायचं नाही. एमेटने पोचे करून पाहिले, तेलाचे ओघळ करून पाहिले, एक पकडदांडी वाकवून पाहिली. "हे नाही. तेही नाही. पण राहिलंय." ईस्टर जवळ आलं तसा एमेट वाळायला लागला. गुरुवारी कुणाशी धड बोलेना. मी म्हटलं, "पुष्कळ झालं की रे, नव्वद टक्के आलं." त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी माझी कवळी जिभेने चाचपली.

शेवटी त्याने लॉइडकडे एक मागणी केली. टेकडीच्या चित्रात हॅटीबाईंच्या घरापाशी भोक पाडायचं, म्हणजे त्यांना त्यांच्या जागी उभं राहून गाडी बघता येईल.

"माझी टेकडी?" लॉइड किंचाळला. "दोन हिवाळे घातलेत मी त्या झाडांवर!"

"लॉइड, तिथे घर होतं," एमेट म्हणाला. "तुझ्याच फोटोत छपराचा कोपरा दिसतो. तू त्याच्यावर झाडं रंगवलीस."

अध्यक्ष स्वतः कोर्टात सापडला होता. लॉइड फोटो घेऊन आला, भिंग लावून बराच वेळ बघत राहिला, मग शिव्या घालत घरी गेला आणि करवत घेऊन आला. दुसऱ्या कुणाला त्याने कापू दिलं नाही.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी मी हॅटीबाईंना घेऊन आलो. फळ्यांच्या मागे, भिंतीच्या बोळात, त्या भोकापाशी त्यांना उभं केलं. त्यांचे डोळे बरोबर रुळांच्या पातळीला आले. गाडी मी त्यांच्या मागे वाकून, हातातल्या कंट्रोलरने चालवत होतो. सात नंबरमागे रिकामे कोळशाचे डबे, सगळे एमेटच्या हातचे. जंक्शन सोडलं, इंजिनाचा आवाज चढाला जड झाला, आणि वळणावरून ते आलं. इतक्या खालून, इतक्या जवळून मी ते कधी पाहिलं नव्हतं. मी बाईंच्या खांद्यावरून बघत होतो आणि मला खेळणं दिसत नव्हतं. टेकडीच्या सावलीतून वर येणारं, थकलेलं, धुराने काळवंडलेलं लोखंड दिसत होतं. खिडकी रिकामी होती, तरी तिथे कुणी नाही असं म्हणायची माझी हिंमत नव्हती.

"पुन्हा," बाई म्हणाल्या. मी मागे नेऊन पुन्हा आणलं.

"हळू रे हर्ब! टपाल टाकून पळायचंय का तुला?"

तिसऱ्यांदा मी माणसाच्या चालीने आणलं. इंजिन भोकाच्या अलीकडे होतं तेव्हा बाईंचे हात वर गेले. दोन्ही. एकाखाली एक मूठ, काहीतरी लांब धरल्यासारख्या. मुठी खिडकीच्या दिशेने वर गेल्या आणि इंजिन समोरून सरकताना तिथेच रोखलेल्या राहिल्या. बाईंनी मान खाली घालून आपल्याच हातांकडे पाहिलं.

"काठी," त्या म्हणाल्या. "माझी कपड्यांच्या दोरीची काठी. टोकाला लोखंडी आकडा होता. गाडी काही थांबायची नाही. तो डबा उचलून घ्यायचा आणि आकडा खर्रर्र करत पत्र्यावरून घासत जायचा. रोज! रोज ओरडायचा, 'हॅटी, कंपनीचा रंग!'" त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई. ते ओरखडे. ते माझेच होते."

एमेट बोळात शिरला. इंजिन त्याने रुळांवरून उचललं आणि फळीवर आडवं ठेवलं. मग खिशातून पकडीत बसवलेली सुई काढली आणि बाईंच्या पुढे धरली. या माणसाने स्वतःच्या कामाला आजवर कुणाला बोट लावू दिलं नव्हतं.

"मी?" बाई म्हणाल्या. "अरे, बिघडेल ना!"

"इतकी वर्षं रोज बिघडवलंत," एमेट म्हणाला. "आता कसली भीती?"

बाईंनी सुई घेतली. खिडकीच्या खाली टेकवली आणि मागच्या बाजूला ओढली. एक, मग त्याच्यावर तिरका दुसरा, मग जोर लावून आणखी. विचार करून नाही, भाजी चिरावी तशा. लाल रंग उडाला आणि खालचा राखाडी दिसायला लागला, तोच राखाडी जो एमेटने इतकी वर्षं जपून ठेवला होता. एमेट बघत होता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही. मलाही सुचलं नाही, कारण माझंही तेच चाललं होतं. त्याने जन्मभर जे खरं करायचा प्रयत्न केला ते आम्हां सगळ्यांसमोर एका म्हातारीच्या मनगटातून उतरत होतं.

बाई थांबल्या. ओरखड्यांवर फुंकर मारली. मग इंजिन उचलून डोळ्यांपाशी आणलं आणि त्या रिकाम्या खिडकीला हळूच म्हणाल्या, "पोचला डबा."

ईस्टर झालं आणि त्या गेल्या. सात नंबर आजही वळवत नाही आम्ही, तसं करणं खोटं ठरेल. उजवी बाजू टेकडीकडेच असते आणि डिसेंबरात येणाऱ्यांना ती दिसत नाही. लॉइडने भोक बुजवलेलं नाही. त्याच्या कडेने छप्पर रंगवलंय आणि बाजूला कपड्यांची दोरी.

तिथे आल्यावर जो कोणी गाडी चालवत असेल तो वेग कमी करतो. तसा नियम कुणी केलेला नाही. गेल्या हिवाळ्यात क्लबात एक नवा सभासद आला, बँकेतला, चांगला माणूस. पहिल्याच गुरुवारी त्याने सात नंबर त्या भोकासमोरून भरधाव नेलं. लॉइड खुर्चीवरून ताडकन उठला. आपली टेकडी कापली म्हणून महिनाभर तोंड फुगवून बसलेला हा लॉइड.

"हळू रे!" तो ओरडला. "बाई डबा घेऊन उभी आहे!"